ट्रॅक्टर ओढत नाही? इंजिन खोलण्याआधी एवढे पाहा



गळीत हंगाम तोंडावर आला की शेतकी खात्याच्या गट कार्यालयात उसाच्या नोंदी आणि तोडणीच्या तारखांबरोबर आणखी एक तक्रार हमखास येते. "साहेब, ट्रॅक्टर पूर्वीसारखा ओढत नाही. ॲक्सिलेटर दाबला तरी उचलत नाही, चढाला तर बसतोच." ट्रॅक्टर दुरुस्ती हे वास्तविक आमचे काम नव्हे. परंतु फडातला ऊस गव्हाणीपर्यंत आणणारा ट्रॅक्टरच असल्याने तो अडला की ऊस अडतो, आणि ऊस अडला की आमचे काम आपोआप सुरू होते.

ऊस तोडल्यापासून त्यातले पाणी उडू लागते व वजन घटते. शिवाय आतील साखरेचे विघटन होऊन तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज बनू लागते. त्याची पुन्हा दाणेदार साखर होत नाही. म्हणूनच तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा असा आमचा आग्रह असतो. भरलेली ट्रॉली वाटेत दोन दिवस उभी राहिली, तर वजनाची घट ज्याचा ऊस त्याला सोसावी लागते. उताऱ्याची घट मात्र सर्व सभासदांची असते, कारण एफआरपी कारखान्याच्या उताऱ्याशी बांधलेली आहे.

ओढ कमी झाली की आपल्याकडे सहसा दोनपैकी एक गोष्ट होते. मेस्त्री इंजिन खोलायला सांगतो, किंवा कुणीतरी सांगते, "गिअरचे तेल बदला, पळायला लागेल." पहिल्यात मोठा खर्च होतो व ऐन हंगामात आठवडा जातो. दुसऱ्यात तेलाचे पैसे जातात, आणि दुखणे बहुधा तिथेच राहते. गिअरचे तेल वेळेवर बदलणे अत्यंत जरुरीचे आहे, पण ते गिअरबॉक्स वाचवण्यासाठी. त्याने ओढ वाढते असे क्वचितच घडते. म्हणून आधी दोष कुठे आहे ते शोधावे व मग पाना हातात घ्यावा. हे बरेचसे काम घरच्या घरी होण्याजोगे आहे.

१. आधी भाराचा हिशेब

ट्रॅक्टरमध्ये खरेच दोष आहे की भारच जास्त आहे, हे प्रथम ठरवावे. समजा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या व ऊस मिळून वजन २० टन आहे. डांबरी सपाट रस्त्यावर टनामागे सुमारे २० किलो ओढ लागते, म्हणजे एकूण ४०० किलो. भुसभुशीत रानातून हीच ओढ टनामागे १०० किलोपर्यंत जाते. ओल्या रानात ती याहूनही वाढते.

आता चढ घ्या. १०० फुटांत ५ फूट चढणारा रस्ता डोळ्याला फारसा चढ वाटत नाही. पण २० टनांचा विसावा हिस्सा, म्हणजे पुरा १ टन, तिथे मागे खेचत असतो. त्यात रस्त्याचे ४०० किलो मिळवले की १,४०० किलोंची ओढ झाली. ताशी ८ किलोमीटर वेगाने एवढी ओढ द्यायची तर चाकापाशी ४१ हॉर्सपॉवर लागते. गिअरमध्ये वाटेत खर्च होणारी धरली तर इंजिनाची ४८ च्या आसपास. म्हणजे ५० हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर या चढावर ताशी ८ किलोमीटरनेच जाणार. त्याच चढावर २० च्या वेगाने जायचे असेल तर चाकापाशी १०० हून जास्त हॉर्सपॉवर पाहिजे! तेव्हा चढाला मंद होणारा प्रत्येक ट्रॅक्टर आजारी नसतो. मागच्या वर्षी तेवढ्याच वजनाला, त्याच चढाला, त्याच गिअरमध्ये जात होता आणि आता जात नाही, असे असेल तरच त्याला दोष म्हणावे.

याच हिशेबावरून एक इशाराही द्यावासा वाटतो. चढताना जो एक टन मागे खेचतो, तोच उतरताना पुढे ढकलतो. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करू नये. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे.

२. धूर पाहा, काटा पाहा

दोष दोन ठिकाणी असू शकतो. एकतर इंजिनात ताकद तयार होत नाही, किंवा तयार झालेली ताकद चाकापर्यंत पोचत नाही. भरलेली खेप चढाला लागली की आरपीएमचा काटा आणि धूर या दोन गोष्टींवर नजर ठेवावी.

(अ) काटा खाली येतो व काळा धूर निघतो : डिझेल मिळते आहे, हवा मिळत नाही. किंवा भार फार आहे.

(आ) काटा खाली येतो पण धूर दिसत नाही : डिझेल पुरेसे पोचत नाही.

(इ) काटा वर चढतो, इंजिन ओरडते, पण ट्रॅक्टरचा वेग वाढत नाही : क्लच घसरतो आहे. चाक जागच्या जागी फिरत असेल तर मात्र दोष क्लचचा नसून पकडीचा समजावा.

(ई) रिकामा ट्रॅक्टर उत्तम पळतो, ट्रॉली जोडली की नेहमीपेक्षा जड वाटतो, सपाटीलाही सोडल्यावर लगेच थांबतो : ब्रेक, बेअरिंग किंवा टायर धरत आहेत.

(उ) निळा धूर, किंवा गरम झाल्यावरही न जाणारा पांढरा धूर : हे मात्र मेस्त्रीचे काम. निळा धूर म्हणजे इंजिनचे तेल जळते आहे. पांढरा असेल तर नोझल, कॉम्प्रेशन किंवा पाणी आत जाणे यांपैकी काहीतरी बिघडले आहे.

३. घरी करायचा तपास

*हवा.* ऊस वाहतुकीत धूळ आणि पाचटाचा भुगा यांना तोटा नसतो. तेलावरचा एअर क्लीनर असेल तर वाटीतले तेल काढून टाकावे, वाटी पुसावी व खुणेपर्यंतच नवे तेल भरावे. जाळी डिझेलने धुऊन निथळू द्यावी. कागदी फिल्टर असेल तर बाहेरचा फिल्टर आतून बाहेर अशा दिशेने, कमी दाबाच्या हवेने साफ करावा. आतला छोटा फिल्टर साफ करायचा नसतो, तो खराब झाल्यास बदलायचाच असतो. फिल्टर काढून ट्रॅक्टर चालवून पाहण्याची युक्ती काहीजण करतात. ती कृपया करू नये. आत गेलेली धूळ लायनर आणि रिंगा खाते. रेडिएटरसमोरच्या जाळीत पाचट अडकले असेल तर तेही रोज काढावे.

*डिझेल.* पहिला तपास अगदी फुकटचा आहे. ट्रॅक्टर दम टाकू लागला की डिझेल टाकीचे झाकण सैल करून पाहावे. लगेच सुधारला तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे असे समजावे. त्यानंतर खालच्या वाटीतले पाणी व गाळ काढावा, फिल्टरची मुदत संपली असेल तर बदलावेत व पंपापर्यंतच्या नळीतली हवा काढावी. संध्याकाळी टाकी भरून ठेवण्याची सवय चांगली. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पाणी साठते.

*ॲक्सिलेटर.* एकाने पेडल पूर्ण दाबावे व दुसऱ्याने पंपाजवळचा दांडा शेवटच्या स्क्रूपर्यंत जातो का ते पाहावे. दांडा अर्ध्यावरच राहत असेल तर मधली सळई किंवा केबल जुळवून घ्यावी. पंपाचे सील मात्र कुणालाही तोडू देऊ नये. डिझेल वाढवून ओढ वाढल्यासारखी वाटते, पण इंजिन तापते आणि काळा धूर म्हणजे जाळलेला पैसाच.

*क्लच.* पेडलला मोकळी खेळ पाहिजे. किती ते पुस्तिकेत दिलेले असते. खेळ नसेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो. चालकाने पेडलवर पाय ठेवून गाडी चालवली तरी तोच परिणाम होतो. क्लच घसरतो का हे पाहायचे असेल तर रिकामा ट्रॅक्टर सपाट मोकळ्या जागी उभा करावा. पुढे-मागे माणूस नसावा. दोन्ही ब्रेक जोडून घट्ट दाबावेत, वरचा गिअर टाकावा, इंजिन थोडे वाढवावे व क्लच हळूहळू सोडावा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच ठीक. फिरतच राहिले तर क्लच घसरतो. ही चाचणी एकदाच करावी, पुन्हा पुन्हा केल्यास चांगली प्लेटही जळेल.

*ब्रेक, बेअरिंग, टायर.* चार-पाच किलोमीटर आल्यावर ब्रेक न लावता ट्रॅक्टर आपोआप थांबू द्यावा. मग उतरून प्रत्येक चाकाच्या हबजवळ हाताची मागची बाजू न टेकवता जवळ न्यावी. एकच हब बाकीच्यांपेक्षा तापलेला असेल तर चोर सापडला! त्या चाकाचा ब्रेक धरतो आहे किंवा बेअरिंग कोरडे पडले आहे. हा तपास ट्रॉलीच्या चाकांनाही करावा. ट्रॅक्टरची निगा घेणारे सभासदही ट्रॉलीला ग्रीस द्यायचे विसरतात, आणि दोष ट्रॉलीचा असताना ट्रॅक्टरचे इंजिन उघडले जाते. टायरची हवा शेतातल्या कामापेक्षा रस्त्यावरच्या ओढीसाठी जास्त लागते. नांगरटीची हवा तशीच ठेवून हंगामाला गाडी लावली तर टायर दबतो, तापतो व ओढ खातो.

४. गिअरचे तेल काय करते?

गिअरचे दात एकमेकांवर प्रचंड दाबाने घासतात. मध्ये तेलाचा पातळ थर असतो म्हणून लोखंड लोखंडाला लागत नाही. तेल जुने झाले, त्यात पाणी शिरले किंवा ते कमी पडले की हा थर तुटतो व दात खराब होतात. हे नुकसान ओढीवरून कळत नाही. आवाजावरून कळते, आणि आवाज येईपर्यंत उशीर झालेला असतो.

तेलामुळे ओढ कमी होण्याची प्रकरणे थोडीच आहेत. पातळीपेक्षा जास्त भरलेले तेल घुसळून तापते व फेसाळते. नको तितके घट्ट तेल भरले तर डिसेंबरच्या पहाटे गिअर जड पडतात. आणि तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरमध्ये चुकीचे तेल गेले तर ब्रेक थरथरतात, नीट धरत नाहीत किंवा नीट सुटत नाहीत.

इथे एक फरक नीट ध्यानात घ्यावा. कोरड्या ब्रेकच्या बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरमध्ये ९० नंबरचे गिअर ऑइल चालत असे. तेलातल्या ब्रेकच्या ट्रॅक्टरमध्ये गिअर, डिफरन्शियल, हायड्रॉलिक व ब्रेक या सर्वांना बहुधा एकच तेल असते. बाजारात ते 'यूटीटीओ' किंवा 'वेट ब्रेक ऑइल' या नावाने मिळते. त्यात साधे ९० नंबर किंवा इंजिन ऑइल भरू नये. शेजाऱ्याने काय भरले हे न विचारता आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते पाहावे. पुस्तिका हरवली असेल तर विक्रेत्याकडून मागून घ्यावी.

५. तेल बदलण्याची रीत

मुदत बऱ्याच मॉडेलना सुमारे १,००० तासांची असते, पण पुस्तिकेतला आकडा अंतिम मानावा. चिखलणीत काम झाले असेल किंवा तेल दुधाळ दिसत असेल तर तासांची वाट पाहू नये. तेल मॉडेलप्रमाणे साधारण ३० ते ६० लिटर लागते. तेव्हा खर्च मोठा आहे, आणि काम एकदाच पण नीट करायचे आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वीचे पंधरा दिवस यासाठी योग्य.

(१) ट्रॅक्टर पंधरा-वीस मिनिटे चालवून तेल कोमट करावे. कोमट तेलाबरोबर गाळही निघतो. चटका बसेल इतके गरम मात्र नसावे.

(२) सपाट जागी उभा करून औजार सोडावे, हायड्रॉलिकचे हात खाली करावेत, इंजिन बंद करून किल्ली काढावी व चाकांना पुढून-मागून गुटके लावावेत. नुसत्या जॅकवर उभ्या ट्रॅक्टरखाली कोणीही जाऊ नये.

(३) बुचांच्या भोवतालची माती आधी पुसावी. नंतर वरचे भरण्याचे बूच प्रथम उघडावे. खालचे उघडून तेल सांडले आणि वरचे गंजून बसले असेल, तर ट्रॅक्टर तेलाविना जागेवर अडकतो.

(४) पुरेसे मोठे भांडे ठेवून खालची बुचे काढावीत. काही ट्रॅक्टरना गिअरबॉक्स, डिफरन्शियल व दोन्ही बाजूंच्या ॲक्सलला वेगवेगळी बुचे असतात. एक काढले म्हणजे सगळे तेल आले असे नव्हे. अर्धा-पाऊण तास निथळू द्यावे.

(५) निघालेले तेल नीट पाहावे. काळपट असणे स्वाभाविक आहे. दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. गिअर लिव्हरचे रबर फाटले आहे का, हवेचे बूच उघडे आहे का, ते शोधावे. नाहीतर नवे तेलही दुधाळ होईल. चुंबकाच्या बुचाला बारीक करडा चिखल लागलेला असतो, त्याची चिंता नको. दाताचा तुकडा किंवा चकचकीत कपच्या सापडल्या तर तेल न भरता मेस्त्रीला बोलवावे. करपट वासही चांगला नव्हे.

(६) हायड्रॉलिकची जाळी डिझेलने धुऊन वाळवावी. कागदी फिल्टर असेल तर नवा घालावा. बुचांचे वायसर व रबरी रिंगा नव्या घ्याव्यात. डब्यात रॉकेल भरून ट्रॅक्टर फिरवू नये. तळाशी राहिलेले रॉकेल नव्या तेलाला पातळ करते.

(७) बुचे बसवून स्वच्छ नरसाळ्याने तेल हळूहळू, पट्टीवरच्या खुणेपर्यंत भरावे. पाच-दहा मिनिटे इंजिन मंद चालवून हायड्रॉलिक तीन-चारदा वर-खाली करावे, इंजिन बंद करावे, दहा मिनिटांनी पट्टी पुन्हा पाहावी व कमी असेल तेवढेच घालावे. जास्त भरलेले तेल सीलमधून बाहेर येते, आणि कोरड्या ब्रेकच्या लायनरवर गेले तर भरल्या खेपेला ब्रेक लागणार नाही.

(८) बुचांपाशी गळती नाही ना ते पाहून तासमापकाचा आकडा, तारीख व तेलाचे नाव वहीत लिहावे.

चार चाकांना ओढ असलेल्या ट्रॅक्टरला पुढच्या डिफरन्शियलचे व हबचे तेल निराळे असते, ते विसरू नये. दुसऱ्याची टिपिंग ट्रॉली जोडताना तिच्या सिलिंडरमधले घाण तेल आपल्या ट्रॅक्टरात येते, याचीही जाणीव ठेवावी.

६. जीप व पिकअपसाठी

तपासाचा क्रम तोच. फरक इतकाच की तिथे गिअरबॉक्स, मागील डिफरन्शियल आणि चारचाकी ओढ असल्यास मधला डबा यांचे तेल वेगवेगळे असते. पट्टी बहुधा नसते. बाजूच्या छिद्रापर्यंत तेल आले की भरले. डब्यावर जीएल-४ की जीएल-५ ते वाचून पुस्तिकेशी जुळवावे. गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितले असेल तर जीएल-५ घालू नये, काही जीएल-५ तेले आतल्या पितळी रिंगांना मानवत नाहीत. टर्बो गाडी एकाएकी मंदावली तर टर्बोचा रबरी पाइप फाटला किंवा निसटला आहे का ते आधी पाहावे. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर भरला तरी गाडी उचलत नाही व समोर दिवा लागतो. अशा वेळी पुस्तिकेप्रमाणे वागावे, दिवा लागलेला असताना दामटू नये. ऑटोमॅटिक गिअरचे तेल घरी बदलण्याच्या फंदात पडू नये.

५० हॉर्सपॉवरवरच्या ट्रॅक्टरना २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले. त्यांच्या डिझेलच्या जास्त दाबाच्या नळ्याही घरी सोडू नयेत. त्यातून उडालेली डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत जाते.

७. जुने तेल कुठे टाकायचे?

ओढ्यात, पाटात, विहिरीच्या कडेला किंवा उसाच्या सरीत नक्कीच नाही. थोडेसे तेलही पुष्कळ पाणी नासवते. गुऱ्हाळाच्या चुलवणात जाळणेही योग्य नव्हे, त्याचा धूर विषारी असतो. २०१६ च्या नियमांत वापरलेले तेल घातक कचऱ्यात धरले आहे. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून ते परवानाधारक तेल गोळा करणाऱ्याकडेच द्यावे. त्यात पाणी, रॉकेल मिसळू नये.

बंधू-भगिनींनो, यातले बहुतेक तपास एका दुपारचे आहेत. टाकीचे झाकण, एअर क्लीनर, क्लचची खेळ, टायरची हवा व तापलेला हब या पाच गोष्टी पाहायला पैसा लागत नाही. त्या पाहून झाल्यावरही ओढ येत नसेल तर मेस्त्रीकडे जरूर जावे, पण जाताना काटा काय करतो, धूर कोणता, दोष रिकाम्याला की भरलेल्याला, हे त्याला सांगावे. अर्धी दुरुस्ती तिथेच होते, आणि न लागणारा खर्चही वाचतो.

तोडणीची चिठ्ठी हातात पडेल त्या दिवशी ट्रॅक्टर फडाच्या बांधावर तयार उभा असला पाहिजे. वर्षभर पाणी-खत घालून वाढवलेल्या उसाचे वजन शेवटच्या दहा किलोमीटरांत घालवू नका, एवढीच आमची आग्रहाची विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते